दिवा आधी, माणूस मागून

मापाड्याचं वजन आयुष्यात दोनदाच चुकलं होतं आणि दोन्ही वेळा दोष काट्याचा होता. हे तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे त्यावर वाद नव्हता. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारात पोती तोलून तो घरी बसला, पण हात काही बसले नाहीत. जुना लोखंडी काटा त्याने निवृत्तीचा मान म्हणून मागून आणला आणि परसातल्या छपरीच्या तुळईला टांगला. घरात आलेली वस्तू त्या आकड्याला लटकल्याशिवाय आत जात नसे. सून आली तेव्हा तिला लटकवता येईना, म्हणून नजरेनं तोललं आणि बायकोच्या कानात निकाल दिला, "छटाकभर कमी आहे, पण टिकेल." बायकोने तो निकाल पुढे आठ वर्षं जपून वापरला.

त्या वर्षी मळणीच्या दिवसांत वारा सुटला तो थांबेचना. दहा वाजले की अंगावर भट्टीचं दार उघडल्यासारखा यायचा. ओठ फुटायचे, डोळ्यांत भुसा जायचा, दोरीवरचे कपडे वाळण्याआधी मळायचे. खळ्याखळ्यांवर पेंढ्यांच्या गंजी उभ्या होत्या. एक ठिणगी पडली असती तर गावाचं वर्ष राख झालं असतं. म्हणून गावाने ठरवलं, मळणी उरकेपर्यंत उघड्यावर चूल पेटवायची नाही. ठरवणाऱ्यांनी ठरवलं. पण मळणीच्या टोळीतली सव्वीस माणसं दोन वेळा जेवणार कशावर, हे ठरवायचं राहून गेलं. मळणीयंत्र मापाड्याच्या मुलाचं, म्हणून टोळी त्याची, म्हणून जेवण त्याच्या घरचं, म्हणजे शेवटी सुनेचं. कामं अशीच घरंगळत जातात. सगळ्यात खालच्या पायरीवर जो उभा असेल, त्याच्या पायाशी येऊन थांबतात.

मागच्या पडवीत दोन तोंडांची मोठी शेगडी आणली आणि गॅसच्या चार टाक्या एकदम घेतल्या, कारण टाकीवाल्याचा टेम्पो त्या आडबाजूला दहा-बारा दिवसांतून एकदाच फिरकायचा. टाकीवाला सावकाश बोलणारा, डाव्या भुवईला केस नसलेला माणूस. टाक्या उतरवून तो म्हणाला, "थंड जागी ठेवा, सावलीत. उन्हात नको." एवढं बोलून तो पुढच्या घरी गेला.

मापाड्याने चारही टाक्या काट्याला लावल्या. टाकीच्या कड्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं, त्यात आतल्या गॅसचं मिळवायचं. हिशोब अगदी बरोबर निघाला तेव्हा तो जरा हिरमुसला, कारण टाकीवाल्याला सुनावायला त्याने दोन वाक्यं तयार ठेवली होती. चारही वजनं त्याने छपरीच्या दारावर खडूने लिहिली. एक, दोन, तीन, चार. समोर सगळ्यांच्याच साडेएकोणतीस किलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी छपरीत काहीतरी शोधताना त्याचा हात टाकीला लागला आणि तो हात झटकतच बाहेर आला. छपरीवर पत्रा होता. सावली होती, पण ती सावली तव्याखालची.

"थंड जागा," तो मुलाला म्हणाला. "या घरात थंड जागा एकच आहे."

ती जागा म्हणजे माजघराखालचं तळघर. पूर्वी तिथे धान्य साठवत, आता कांदे आणि बटाटे. जमिनीतलं झाकण उचललं की खाली अकरा दगडी पायऱ्या. घर उतारावर असल्यामुळे मागच्या भिंतीत, तळाशी, धान्य बाहेर ओढायचं एक चौकोनी तोंड होतं. मुलगा म्हणाला की पायऱ्या उभ्या आहेत, टाक्या जड आहेत. मापाडी म्हणाला की त्याने आयुष्यात याच्या तिप्पट वजनं उतरवली आहेत. कुणाच्या पाठीवरून, ते सांगितलं नाही.

एक टाकी शेगडीला लावली. उरलेल्या तीन फळीवर आडव्या टाकून दोराने सोडल्या. तीन नंबरच्या टाकीचा दोर निसटला आणि शेवटच्या चार पायऱ्या ती आपल्या पायांनी उतरली. मोठा आवाज झाला. मुलाने ती उभी केली, हात फिरवून पाहिला, कुठे पोचा नव्हता. मापाड्याने वरून विचारलं, "फुटली?" मुलगा म्हणाला, "नाही." त्यावर दोघांचंही समाधान झालं. मग गारवा बाहेर जाऊ नये आणि तो मेला वारा आत येऊ नये म्हणून मापाड्याने मागचं चौकोनी तोंड भुशाची पोती कोंबून, वर फळी ठोकून बंद केलं. झाकण लावलं, त्यावर जाड गोणपाट अंथरलं. काम असं चोख झालं की त्याने दोनदा फिरून पाहिलं.

टाक्या खाली जाण्याआधी म्हातारीने, म्हणजे मापाड्याच्या बायकोने, त्यांच्या तोंडावरची पांढरी टोपणं काढून घेतली होती. ती तेलाच्या बाटल्यांना बरोब्बर बसत. टाकीला काय, कुणी थोडंच प्यायचं होतं.

सातव्या दिवशी माजघरात वास यायला लागला.

"ओले कांदे खाली कुणी टाकले?" म्हातारीने विचारलं. त्या घरात 'कुणी' या शब्दाचा अर्थ ठरलेला होता. सून भांडी घासत होती, ती घासत राहिली. कांदे तिने आठ दिवस सावलीत पसरून, माना वाळवून खाली नेले होते. पण सकाळी उठून सव्वीस माणसांचं कालवण रांधणाऱ्या बाईला कांद्याच्या माना सिद्ध करत बसायला वेळ नसतो. मापाड्याला वास येत नव्हता. कोठारातल्या धुळीने आणि मिरच्यांच्या पोत्यांनी त्याचं नाक केव्हाच खाल्लं होतं. पण वास येत नसला तरी मत होतंच. तो म्हणाला, दोन मण कांद्यात पाच-सात शेर गेले असतील, म्हणजे फार नाही, पण निष्काळजीपणा तो निष्काळजीपणा.

पुढचे दोन दिवस म्हातारी नाकाला पदर लावून माजघरातून ये-जा करत होती. शेजारच्या बाईने विचारलं तर तिलाही सांगितलं, आमच्याकडे हल्ली कांदे असे ठेवतात. हे सुनेला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी मापाडी मागे गाईला पाणी पाजत होता. पडवीत शेगडीच्या एका तोंडावर डाळ शिजत होती, दुसऱ्यावर भाताचं आधण. सुनेने गोणपाट ओढलं, झाकण उचललं आणि टोपली घेऊन खाली उतरली. खिडकीतून येणारा उजेड सातव्या पायरीपर्यंत पोचत होता, पुढे तिने हातांनी चाचपलं. तीन खेपांत तीन टोपल्या वर आणल्या. तिसऱ्या खेपेला तिचं डोकं जड झालं, कानात घूं झालं. तिने पायरीवर बसून दम घेतला आणि ते सासूच्या बोलण्याच्या खात्यावर टाकलं.

मग माजघराच्या फरशीवर कांदे ओतून ती एकेक दाबून पाहू लागली. अंगठा मानेपाशी, बोटं बुडाशी. टणक. टणक. टणक. म्हातारी जात्याशेजारी पाय पसरून बसली होती, पहिला नासका निघण्याची वाट पाहत. दोन टोपल्या झाल्या. म्हातारीने पाय आखडून घेतले.

तेवढ्यात मापाडी आत आला आणि उघडं झाकण पाहून जागीच थांबला.

"खाली कोण गेलं होतं?"

"मी," सून म्हणाली.

"दिवा सोडला होतास?"

तिने हातातला कांदा खाली ठेवला. तेवढ्यावर त्याला कळलं.

मापाड्याच्या घरात नियम फार होते, त्यातले निम्मे बायकोच मोडायची आणि तो न पाहिल्यासारखं करायचा. पण हा एक नियम तसा नव्हता. आठवड्याच्या वर बंद राहिलेल्या पेवात, विहिरीत, तळघरात माणूस आधी उतरत नाही. आधी दोरीला बांधून पेटता दिवा सोडायचा. दिवा तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर खालची हवा वाईट, झाकण उघडं टाकून दूर व्हायचं. तो विशीत असताना कोठाराच्या पेवात एक हमाल उतरला आणि बसला तो उठला नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तोही त्याच्या शेजारी बसला. दोघांना वर काढून शेवटी त्याच काट्यावरून गाडीत चढवलं होतं, कारण उचलायला दुसरं काही नव्हतं. त्यानंतर चाळीस वर्षांत मापाड्याने दिव्याशिवाय कुणाला उतरू दिलं नाही. अकरा वेळा दिवा विझला होता. म्हणजे अकरा माणसं त्याच्या हिशोबात जमा होती, आणि ती खोटी जमा नव्हती.

त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तो म्हणाला की कांदे गेले असते तर चाललं असतं. तीन खेपा केल्यास, म्हणजे तीनदा वाचलीस, चौथी कुणाच्या भरवशावर करणार होतीस? मग कोनाड्यातला पितळी दिवा काढला, त्याच्या कडीला दोरी बांधली. म्हातारीने तेलाच्या बाटलीचं पांढरं टोपण काढून दिव्यात तेल ओतलं. मापाड्याने वात सारखी केली आणि खमिसाच्या खिशातून काडेपेटी काढली.

सून झाकणाच्या कडेशी उकिडवी बसली होती. उरलेले कांदे आणायला तिलाच उतरायचं होतं. ती खाली वाकली आणि चटकन मागे सरली. परत वाकली, परत उठली. उभं राहिलं की वास मंद, वाकलं की नाकात भसकन. चार दिवसांपूर्वी डाळ उतू जाऊन शेगडीचा जाळ विझला होता. तेव्हा तिने घाईने बटण बंद केलं होतं, आणि ते करताना आला होता तो वास, हाच.

ती उठली. मापाड्याला ओलांडून पडवीत गेली आणि शेगडीची दोन्ही बटणं फिरवली, मग टाकीचं बटणही बंद केलं. डाळीची खदखद थांबली. सव्वीस माणसांचं जेवण अर्धं कच्चं राहिलं.

"काय केलंस गं हे?" म्हातारी म्हणाली.

सून परत आली ती सरळ सासऱ्यासमोर उभी राहिली. आठ वर्षांत इतक्या जवळ ती कधी उभी राहिली नव्हती.

"मामंजी, काडेपेटी द्या."

मापाड्याने काडी पेटीवर टेकवली होती. त्याला वाटलं, हीच दिवा सोडते म्हणतेय, चूक उमगली वाटतं. पण पेटी द्यायला हात पुढे करण्याआधीच तिने ती त्याच्या बोटांतून काढून घेतली, काडीसकट, आणि दोन पावलांवरच्या पाण्याच्या हंड्यात टाकली. काड्या पाण्यावर पसरल्या.

सासऱ्याच्या हातातून वस्तू हिसकावणं म्हणजे काय, हे तिघांनाही माहीत होतं. मापाड्याची बोटं अजून काडी धरल्यासारखी राहिली होती.

"कांदे चांगले आहेत," सून म्हणाली. "दोन टोपल्या बघितल्या, एक नासका नाही. मग वास कशाचा येतो?"

मापाड्याला वास येत नव्हता, पण हिशोब येत होता. नासके कांदे शून्य. वास दिवसेंदिवस जास्त. खाली कांद्यांशिवाय काय आहे? त्याने फरशीवरचे कांदे पाहिले, मग झाकणाचा काळा चौकोन, मग स्वतःच्या हातातला दिवा. तेलाने भरलेला, वात सारखी केलेला. त्याने भिंतीला हात लावला.

"अंधारी आली का हो तुम्हाला?" म्हणत म्हातारीने उजेड करायला भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"आत्याबाई, बटणाला हात लावू नका," सून म्हणाली. "काही लावू नका, काही बंद करू नका. आहे तसं टाका आणि बाहेर चला. रागवायचं ते बाहेर रागवा."

तिने पुढचं-मागचं दार आणि खिडक्या सताड उघडल्या. तिघं बाहेर आली. गाय मागच्या भिंतीशी, बरोबर त्या बुजवलेल्या तोंडासमोर बांधली होती. सुनेने तिला सोडून वरच्या बाजूच्या झाडाखाली नेलं. फोन आतच राहिला होता आणि तो आणायला तिने कुणालाही जाऊ दिलं नाही. म्हातारीला तिने रस्त्यावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला. हे काम म्हातारीला जमण्यासारखं होतं.

मापाडी खळ्याकडे निघाला. वाटेत त्याच्या लक्षात आलं की वहाणा दाराशीच राहिल्या. माती तापली होती. तो गवताच्या कडेकडेने, मधेच एका पायावर उड्या मारत गेला. खळ्यावरच्या टोळीने त्याला लांबून तसं येताना पाहिलं. टोळीचा मुकादम तोंडाळ माणूस. म्हणाला, "मापाडी नाचत येतायत, म्हणजे आज गोड केलंय वाटतं." सगळे हसले. एरवी मापाड्याने त्याला दोन वाक्यांत तोलून खाली ठेवला असता. आज तो नुसता मुलाजवळ गेला आणि म्हणाला, "टाकीवाल्याला फोन लाव. आणि यंत्र बंद कर."

टाकीवाला दीड तासाने आला. टेम्पो त्याने वरच्या वळणावरच थांबवला आणि पायी आला. हातात मुठीएवढं एक यंत्र होतं, गॅस लागला की टिकटिक करणारं. उंबऱ्याशी आल्यावर ते हळू टिकटिकलं. त्याने ते गुडघ्याखाली नेलं, तेव्हा ते रातकिड्यासारखं एकसुरी ओरडायला लागलं. तो पाय न वाजवता मागे आला.

"तळघरात कुणी ठेवायला सांगितलं?"

"तूच," मापाडी म्हणाला.

"मी थंड जागा म्हटलं."

"मग तळघरापेक्षा थंड कुठली?"

टाकीवाल्याने नसलेल्या भुवईवरून बोट फिरवलं.

"अर्धंच सांगितलं मी," तो म्हणाला. "हा गॅस हवेपेक्षा जड. धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो. खड्ड्यात ठेवाल तर खड्डा भरतो. जमिनीच्या वर ठेवायचं, उभं ठेवायचं, चहूकडून वारा लागला पाहिजे. हे राहिलं सांगायचं." मग सुनेकडे वळून त्याने विचारलं, "काही पेटवलं होतं का?"

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

मापाडी खाली मातीत पाहत होता. त्याच्या तळपायाला फोड आले होते आणि ते दुखतायत याचं त्याला आत्ता बरं वाटत होतं.

"पेटवलं असतं तर?" म्हातारीने विचारलं.

टाकीवाल्याने घराकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, आणि विचारलं, "खालून बाहेर जायला वाट आहे का?"

वाट होती. मापाड्यानेच बुजवली होती, आणि चोख बुजवली होती. फळीचे खिळे हातोडीने काढू नका, ठिणगी उडेल, असं टाकीवाला म्हणाला. मग फळीला दोर बांधून मुलाने आणि मापाड्याने मागून ओढलं. म्हातारा टाच रोवून असा ओढत होता की मुलाने दोनदा म्हटलं, बाबा, सोडा, मी ओढतो. त्याने सोडलं नाही. फळी कडकडली, उखडली. मग पोती. चार पोती आत कोंबली होती. त्याने एकेक धरून उपसली, ज्या हातांनी कोंबली होती त्याच. शेवटचं निघालं तसं टाकीवाल्याने सगळ्यांना वरच्या बाजूला पळवलं.

दिसण्यासारखं काहीच नव्हतं. भिंतीतलं एक चौकोनी भोक आणि उतारावरचं वाळलं गवत. वारा पुढच्या दारातून घरात घुसत होता, झाकणातून खाली जात होता आणि मागच्या भोकातून बाहेर पडत होता. महिनाभर ज्याला सगळ्या गावाने शिव्या घातल्या तो वारा, आज फुकटात राबत होता.

आणि नेमका त्याच वेळी उताराच्या खालून मुकादम येताना दिसला. जेवण का आलं नाही ते विचारायला. हात मागे बांधलेले, तोंडात विडी.

टाकीवाला सावकाश बोलणारा, त्याच्या तोंडून शब्द निघेपर्यंत उशीर झाला असता. मापाड्याने पोती मोजताना कोठाराच्या या टोकापासून त्या टोकाला जो आवाज पोचवायचा तो आवाज काढला. तो घरी बसल्यापासून तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

"विडी मातीत घाल!"

मुकादम जागच्या जागी थांबला. का, कशासाठी, काही न विचारता त्याने विडी टाकली, वर पाय दिला, पायावर दुसरा पाय दिला. मग दोन्ही हात वर केले. तसाच उभा राहिला, टाकीवाल्याने खूण करून लांबून फिरून ये म्हणेपर्यंत. वर आल्यावर म्हणाला, "मापाडी, एवढं जेवण राखायचं असेल तर मी उपाशी राहतो." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

दोन तास ते झाडाखाली बसून राहिले. टाकीवाला मधेमधे जाऊन यंत्र पुढे धरायचा, परत यायचा, मान हलवायचा. गाय निवांत रवंथ करत होती. सुनेने पदराने मान पुसली आणि झाडाला टेकून डोळे मिटले. मापाडी तिच्यापासून चार हातांवर बसला होता. कोठारात अकरा वेळा दिवा विझला तेव्हा त्याने तो वर ओढून लोकांना सांगितलं होतं, बघा. आज दाखवायला काही नव्हतं. पेटलाच नाही तो दिवा कुणाला कसा दाखवणार? तो खात्यात मांडायचा कुठे?

तिसऱ्यांदा टाकीवाला आत गेला तेव्हा यंत्र गप्प होतं. उंबऱ्याशी गप्प, झाकणाशी गप्प, मग अकरा पायऱ्या उतरून तळाच्या दगडावर ठेवलं तरी गप्प. तो खालून ओरडला, "या आता."

त्या दोन शब्दांनी म्हातारी रडायला लागली. सकाळपासून ती रडली नव्हती.

टाक्या उभ्याच्या उभ्या, एकेक पायरी टेकवत वर आणल्या. टाकीवाला साबणाचं पाणी मागत होता, पण मापाडी म्हणाला, आधी काट्याला. त्याचं ऐकलं. दोन नंबरची साडेएकोणतीस. चार नंबरची साडेएकोणतीस. तीन नंबरची, जी आपल्या पायांनी उतरली होती ती, आकड्याला लावली तर दांडी वर गेली. मापाड्याने वजनं सरकवली, परत सरकवली. पावणेअठ्ठावीस.

"पावणेदोन किलो," तो म्हणाला. पावणेदोन किलो डाळ म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, पावणेदोन किलो धान्य म्हणजे ओंजळीचा खेळ. पावणेदोन किलो हे वजन आहे असं त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं.

टाकीवाल्याने त्या टाकीच्या तोंडावर साबणाचं पाणी ओतलं. एका बाजूने बारीक बुडबुडे येऊ लागले, लहान मूल झोपेत तोंडाने काढतं तसे. "आतली चकती सरकली आपटून," तो म्हणाला. "हिचं टोपण कुठंय? ते घट्ट बसवलं असतं तर गळती दबली असती. टोपण कधी काढायचं नाही, रिकामी झाली तरी."

म्हातारीने डोळे पुसले, उठून आत गेली आणि तेलाच्या बाटल्यांवरची तीन पांढरी टोपणं पदराला पुसत आणून त्याच्या हातावर ठेवली. टोपणं तेलकट होती. टाकीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. एक टोपण गळक्या टाकीवर दाबून त्याने ती उघड्या टेम्पोत उभी बांधली आणि नेली.

उरलेल्या टाक्यांसाठी बाहेर, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांचा ओटा केला. वर गवताचं छप्पर टाकायला निघाले तेव्हा सून म्हणाली, गवत नको, पेटतं. मग मुलाने पत्रा आणला आणि खालच्या टाक्या तापू नयेत म्हणून तो हातभर उंच धरला. बाजू मोकळ्या, टाक्या उभ्या, दोराने भिंतीला बांधलेल्या, टोपणं जागेवर. मापाड्याने काम करवून घेतलं, पण प्रत्येक खिळ्याआधी सुनेकडे एकदा पाहिलं. तिने मान हलवली की ठोक म्हणायचा.

टोळीचं जेवण उतरत्या उन्हात झालं. मुकादमाने पान वाढून घेताना विचारलं की हे सकाळचं की उद्याचं. सून म्हणाली, सकाळचंच आहे, फक्त आज सगळे जेवायला उरलेत, म्हणून पुरवून खा. तो खाली मान घालून जेवला. कांदे मात्र त्याने मागून घेतले, दोनदा. म्हातारीने स्वतः चिरून वाढले, आणि शेजारची बाई कुंपणाशी आली तेव्हा तिला ऐकू जाईल असं म्हणाली की यंदाचे कांदे आमच्या सुनेने फार चांगले राखले. सून भांडी घासत होती, ती घासत राहिली.

पण हे नंतरचं. त्याआधी, डाळ परत चढवायची वेळ आली तेव्हा, काडेपेटी नव्हती. शेजारून आणली. मापाडी ती घेऊन पडवीत आला. सून शेगडीसमोर बसली होती. त्याने पेटी तिच्या हातात दिली नाही आणि स्वतः काडीही ओढली नाही. तो तसाच उभा राहिला, पायांच्या फोडांवरून भार इकडचा तिकडे करत.

"वाक जरा," तो म्हणाला.

सुनेने वर पाहिलं.

"मला वास येत नाही," मापाडी म्हणाला. हे तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "खाली वाकून बघ. आहे का काही?"

ती वाकली. शेगडीखाली, टाकीच्या बुडाशी, नळीच्या कडेने. वेळ घेऊन. तोवर त्याने हात आवरून धरला होता, पूर्वी दिव्याची दोरी धरायचा तसा.

"नाही, मामंजी," ती म्हणाली. "लावा."

त्याने काडी ओढली. निळा जाळ भक्कन उठला आणि भांड्याखाली गोल बसला. त्या रात्री झोपण्याआधी त्याने छपरीच्या दारावरचा तिसरा आकडा पुसला. पण खडू हातात धरून त्याच्या शेजारी काय लिहावं, हे त्याला सुचेना. शेवटी त्याने बायकोला हाक मारून सांगितलं, सुनेचं छटाकभर कमी म्हटलेलं वजन होतं ना, ते चुकलं होतं. काट्याचा दोष नव्हता.